बारा मिनिटांची पेशंट

मला पहिला हार्ट अटॅक आला तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि ओट्याशी उभ्या उभ्या चार चमचे उपमा गिळून घरून निघाले होते. सव्वादहाला छातीत कळ आली, दहा सत्तावीसला थांबली. मग मी अर्धा कप चहा प्यायले आणि पावणेअकराला मला दुसरा अटॅक आला, कारण दाराबाहेर दुसरा डॉक्टर उभा होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत असे पाच झटके येऊन गेले. संध्याकाळी मी दोन किलो कांदे आणि एक कोबी घेऊन वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगचे दोन जिने चढले.

माझं हृदय उत्तम आहे. मी खोटी पेशंट होते, एवढंच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर पाच वर्षं मी हे काम केलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी खरंच दगा दिला तेव्हा थांबले. कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे नाटकात काम करता का? तर हो, नाटकच; फक्त प्रेक्षक एकच असतो आणि घामाघूम तोच झालेला असतो.

शिकाऊ डॉक्टरांना शरीर शिकवायला मोठमोठी पुस्तकं असतात. पण समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे शिकवायला माणूसच लागतो. खऱ्या पेशंटवर त्यांनी बोलायचा सराव करायचा म्हणजे त्या बिचाऱ्याला दुखणं ते दुखणं आणि वर ही परीक्षा. म्हणून आमच्यासारखी माणसं बसवतात. आम्हाला एक कागद मिळतो. त्यावर आमचं नाव, वय, घरची परिस्थिती आणि दुखणं लिहिलेलं असतं. काय आपणहून सांगायचं, काय विचारलं तरच सांगायचं आणि काय नीट विचारलं तरच सांगायचं, तेही लिहिलेलं असतं. डॉक्टर आत येतो. बारा मिनिटं तो खरा डॉक्टर आणि मी खरी पेशंट. घंटी वाजली की खेळ संपला.

त्याआधीची एकतीस वर्षं मी वसईतल्याच एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीत काढली. नाव, वय, पत्ता, काय होतंय? एवढे चार प्रश्न मी किती माणसांना विचारले असतील याचा हिशोब चित्रगुप्ताकडेच असेल. त्या दीड फुटाच्या खिडकीतून मला माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसले. पण एक गोष्ट मला तिथे कळली. खिडकीत माणूस सांगतो "ताप आलाय", डॉक्टरसमोर सांगतो "अंग दुखतं" आणि परत जाताना बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगतो की मुलगा घर सोडून गेला त्या दिवसापासून जेवण जात नाही. खरं दुखणं बाकावर निघतं. हे मी एकदा सहज डॉ. सामंत मॅडमना बोलून गेले. शिकाऊ डॉक्टरांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशी, हातात समोसा असताना, त्यांनी विचारलं, "सुलभाताई, पेशंट व्हाल का?"

"होईन कधीतरी, पण घाई काय आहे?" मी म्हटलं.

आमची खोली त्याच रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी चादरींचं कोठार होतं तिथे. धुतलेल्या कपड्यांचा वास भिंतींनी शेवटपर्यंत सोडला नाही. एक टेबल, डॉक्टरसाठी एक खुर्ची, पेशंटसाठी एक लाकडी खुर्ची, कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या सामंत मॅडम आणि खिडकीजवळ आणखी एक खुर्ची, हिरव्या रेक्झिनची. ही हिरवी खुर्ची महत्त्वाची. घंटी वाजली की मी डोक्यावरचा पदर काढायचा, चष्मा लावायचा, उठून त्या हिरव्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि मगच सुलभा म्हणून बोलायचं. "तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत", "तुम्ही हात लावण्याआधी विचारलंत ते मला आवडलं" वगैरे. पेशंटच्या खुर्चीतून मत द्यायचं नाही, हा मॅडमचा कडक नियम. पेशंट वेगळी, शिकवणारी वेगळी. नाहीतर शिकणाऱ्याला कळत नाही की आपल्याला कोण बोललं.

गमती पुष्कळ झाल्या. एक डॉक्टर होता, हुशार, सुवर्णपदकवाला. पण त्याची मान कागदातून वर येईना. तो विचारायचा, मी सांगायचे, तो लिहायचा. सातव्या मिनिटाला मला राहवेना. मी म्हटलं, "रात्री पाय काढून कपाटात ठेवते, मग बरं वाटतं."

"बरं," तो लिहिता लिहिता म्हणाला, "किती दिवसांपासून?"

सामंत मॅडमनी वही तोंडासमोर धरली. नंतर मलाच बोलणी बसली, कागदाबाहेर गेल्याबद्दल. पण तो मुलगा शहाणा निघाला. हल्ली म्हणे तो पेशंट आत आला की आधी पेन खिशात ठेवतो.

आणि "समजलं ना?" हा प्रश्न. तो विचारणाऱ्या प्रत्येकाला मी कामणजवळच्या एका काकांची गोष्ट सांगायचे. ही खिडकीतली, खरी. काकांना साखरेच्या आणि दाबाच्या मिळून चार गोळ्या लिहून दिल्या, वेगवेगळ्या वेळेच्या. डॉक्टरने विचारलं, समजलं ना? काका म्हणाले, हो. आमच्या भागातली माणसं डॉक्टरला नाही म्हणत नाहीत, तो अपमान वाटतो. चार दिवसांनी काकांना उचलूनच आणलं. चारही गोळ्या ते सकाळी एकदम चहाबरोबर घेत होते. "दिवसभर शेतान असतो," ते मला म्हणाले, "मंग कोन ध्यान ठेवल?" म्हणून मी पोरांना सांगायचे, "समजलं ना" विचारूच नका. "घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा बघू," असं विचारा.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मूळची नायगावकडची. खाडीला लागून आमची भातशेती होती. आमच्या घरात आईला आये म्हणत, पाण्याला पानी म्हणत आणि एकमेकींना हाक मारताना पुढे "गो" लावत. लग्न होऊन मी रत्नागिरीकडच्या, नोकरदार माणसांच्या घरात आले. सासरची माणसं वाईट नव्हती. माझ्या बोलण्याला हसायची, पण प्रेमाने. प्रेमाने हसलं तरी माणूस बोलणं बदलतोच. पुढे खिडकीतली नोकरी लागली आणि माझी भाषा अगदी धुतलेल्या चादरीसारखी झाली. आमचं शेत विकलं गेलं. आयेचं खळं होतं तिथे आता टॉवर आहे आणि त्याला कुठल्याशा इटलीच्या गावाचं नाव दिलंय. भाऊ मुलांशी हिंदीत बोलतो. आयेसारखं बोलणारं माणूस माझ्या आयुष्यात उरलं नाही.

खोट्या पेशंटच्या खुर्चीत बसल्यावर ते बोलणं आपणहून परत आलं. कागदावर लिहिलेलं असायचं, "वय सत्तर, शेतकरी कुटुंब". मी पदर डोक्यावर घेतला, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आये बोलली. "काय नाय झायला मना. पोटान जराशी आग हाय, तवरीच." सामंत मॅडम चकित झाल्या. म्हणाल्या, काय छान आवाज काढलात! मी हसले. आवाज काढला नव्हता. काढून ठेवलेला परत घातला होता. खरं सांगते, मानधन, समाजसेवा वगैरे सगळं खरं असेल, पण मी तिथे जायचे ती त्या बारा मिनिटांसाठी. तेवढा वेळ मला आयेचं बोलणं कानावर पडायचं. ते माझ्याच तोंडचं होतं याने काही बिघडत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मॅडम म्हणाल्या, आता एक केस तुम्ही लिहा. मी एका बैठकीत लिहून दिली. म्हातारी बाई, पोटात आग. सोबत मुलगी. मुलगी रुग्णालयात नोकरीला, सगळ्या डॉक्टरांना ओळखणारी. डॉक्टर म्हातारीला विचारतो, उत्तर मुलगी देते. म्हातारी तोंड उघडते की मुलगी म्हणते, "थांब गं आई, मी सांगते ना!" म्हातारीला गेले काही महिने काळी शी होते आहे, म्हणजे पोटात कुठेतरी रक्त झिरपतंय. ते ती मुलीसमोर सांगणार नाही. मुलीला मान राखून बाहेर बसवलं आणि म्हातारीला वेळ दिला तरच सांगेल. डॉक्टरने तेवढं काढून घेतलं की पास.

मुलीच्या कामाला ग्रेसी सिस्टर होती. वसई गावातली, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. मी तिला ती मुलगी शिकवली. हातातली पर्स मांडीवर आपटायची, डॉक्टरकडे पाहून ओळखीचं हसायचं, आईकडे पाहायचंच नाही. ग्रेसीने ती अशी उभी केली की एक डॉक्टरीणबाई तर तिच्याशीच बारा मिनिटं गप्पा मारून उठली.

"ताई, ही बाई कोण हो?" ग्रेसीने मला एकदा डबा खाताना विचारलं. ती बाकावर बसून मासळीचा डबा चाटूनपुसून खायची आणि मी खिडकीला टेकून उभ्यानेच पोळीची गुंडाळी चावायचे. "इतकी आगाऊ? आईला बोलू देत नाही म्हणजे काय!"

"आहे एक ओळखीची," मी म्हटलं.

ती मी होते. सत्तावीस वर्षांपूर्वी आये माझ्याकडे औषधासाठी येऊन राहिली होती. मुलं लहान होती, नोकरी होती आणि माझे दिवस पळापळीचे होते. सकाळी मुलीची वेणी घालता घालता मी ओट्याशी चार घास खायचे आणि निघायचे. आये म्हणायची, "बस गो जराशी." मला वाटायचं हिला गप्पा मारायच्यात. मी म्हणायचे, संध्याकाळी बसू. संध्याकाळीही तेच.

एका सकाळी मी तिला आमच्या रुग्णालयात नेलं. माझ्या ओळखीने नंबर न लावता आत घेतलं, याचा मला केवढा अभिमान! डॉक्टर घाईत होते. त्यांनी आयेला विचारलं, काय होतंय? आयेने पदर सावरला आणि म्हणाली, "पोटान..." आणि मला लाज वाटली. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण खरं आहे ते. माझ्या ऑफिसात, माझ्या माणसांसमोर माझी आई असं बोलणार याची मला लाज वाटली. घरात मी तिला आये म्हणायचे. तिथे मी म्हणाले, "थांब गं आई, मी सांगते ना." आणि मी सांगितलं, शुद्ध, मुद्देसूद. जळजळ, जेवणानंतर, पंधरा दिवस. डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या लिहिल्या. आम्ही उठलो तेव्हा आयेने टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, "डाक्तर, येक सांगू?"

मी तिचा दंड धरला. "आई, बाहेर माणसं खोळंबलीत." आणि आम्ही बाहेर आलो. काय सांगायचं होतं, ते मी विचारलंही नाही. मला ड्युटीवर जायचं होतं.

दोन महिन्यांनी आयेला रक्ताची उलटी झाली आणि ती गेली. जठरात जखम होती आणि ती बरेच दिवस झिरपत होती, असं नंतर कळलं. तेराव्याला शेजारची हिराकाकी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तिला काली शी व्हायची कवापासून. तुला नाय सांगितला? डाक्तरला सांगल, म्हनत होती."

सत्तावीस वर्षं मी हेच धरून बसले होते. आये तेवढंच सांगणार होती, मी सांगू दिलं नाही आणि म्हणून ती गेली. हे मी आमच्या यजमानांनाही कधी बोलले नाही. ते जाऊनही आता सहा वर्षं झाली. मुलगा पुण्यात, मुलगी तिच्या घरी. सांगायचं ते मी त्या कागदावर केस म्हणून लिहून टाकलं होतं आणि दर आठवड्याला नवा डॉक्टर येऊन त्यात नापास होत होता. नापास झाला की मला वाईट वाटायचं आणि आतून जरा बरंही वाटायचं. पाहा, यांना शिकूनसवरून जमत नाही, मग मला कुठून जमणार?

मग डॉ. तुषार आला. नालासोपाऱ्याचा, अंगाने किरकोळ, बोलायला मंद. एक वाक्य बोलून दुसऱ्याचा विचार करत बसणारा. बाकीची मुलं त्याला "बफरिंग" म्हणायची. त्याने ग्रेसीला बाहेर बसवणं तर सोडाच, तिला मधे थांबवलंही नाही. मान हलवत, सभ्यपणे, बाराही मिनिटं तिचंच ऐकलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, मुलगी चांगली काळजी घेते हं तुमची."

घंटी वाजली. मी उठलेच नाही. पदर डोक्यावर, चष्मा पिशवीत, लाकडी खुर्चीत बसल्या बसल्या मी ओरडले, "काळजी? ती बाई बोलून बोलून आईला मारतेय आणि तुम्ही तिचं कौतुक करताय? ही म्हातारी मरेल! तुमच्यामुळे मरेल, कळतंय का?"

तुषारचा चेहरा पांढरा पडला. तो "सॉरी, मॅडम" म्हणाला, कागद गोळा केले, त्यातला एक खाली पडला तोही उचलला आणि दार हळू ओढून गेला. ग्रेसी माझ्याकडे पाहत राहिली.

सगळे गेल्यावर सामंत मॅडम वही मिटून म्हणाल्या, "सुलभाताई, आज तुम्ही खुर्ची बदलली नाहीत."

"विसरले."

"तीन वर्षांत कधी विसरला नाहीत." मग म्हणाल्या, "ते तुम्ही कुणाला म्हणालात?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. पुढच्या आठवड्यात तुषार आला नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. ग्रेसीने बातमी आणली की तो मित्रांना म्हणाला, मला माणसं जमत नाहीत, मी आपला प्रयोगशाळेत बसायचं काहीतरी बघतो. मला जेवण जाईना. एक माणूस बोलू दिलं नाही म्हणून गमावलं होतं आणि आता दुसऱ्याला मी बोलून घालवत होते. मी मॅडमना सांगितलं, त्याला एकदा परत बोलवा. तीच केस द्या. तो नाही आला तर मीही येणार नाही.

तो आला. इस्त्री केलेला शर्ट, हातात काही नाही. मला माफी मागायची होती, पण मॅडम म्हणाल्या, आधी केस. मी पदर घेतला. ग्रेसीने पर्स मांडीवर आपटली आणि सुरू झाली. तुषारने तिला तीन मिनिटं बोलू दिलं, महत्त्वाचं लिहून घेतलं आणि मग म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलेलं सगळं मी लिहून घेतलंय. तुमच्यामुळे माझं काम सोपं झालं. आता पाच मिनिटं मी आजींशी एकटा बोलतो. तुम्ही बाहेर बाकावर बसा, मी स्वतः बोलवायला येतो."

"अहो, तिला नीट सांगता येत नाही," ग्रेसी म्हणाली. हे वाक्य मीच लिहिलेलं होतं.

"चालेल. मी थांबेन," तो म्हणाला.

त्याने उठून दार उघडलं. ग्रेसी गेली. परत येऊन त्याने खुर्ची टेबलाच्या बाजूने माझ्याकडे ओढली आणि म्हणाला, "आजी, आता आपण दोघंच. काय होतंय?"

मी कागदावरचं सांगितलं. आधी आढेवेढे, मग काळी शी, कवापासून, किती वेळा. त्याने शांतपणे सगळं विचारलं. माझं काम झालं होतं. मी घंटीची वाट पाहायला लागले.

"आणखी काही सांगायचंय, आजी?" त्याने विचारलं.

कागद संपला होता. मी मान हलवून "नाय" म्हणायला हवं होतं. पण तो थांबला. त्याचं ते मंद थांबणं, ज्याची पोरं टिंगल करायची. पेन खाली ठेवलं, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहत राहिला. खाली पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याचा टुणटुण आवाज येत होता. तो थांबला. एवढा वेळ कुणी थांबतं हे मला माहीतच नव्हतं. आणि माझा हात आपोआप टेबलावर गेला.

"डाक्तर, येक सांगू?" मी म्हटलं.

"सांगा ना."

"ही माजी पोर हाय ना, ती उबी ऱ्हाऊन जेवते. ओट्याशी उबी. येका हातान घास, दुसऱ्या हातान पोरीची वेनी. बस म्हनलं तर बसत नाय. माजा काय, माजा झाला. पन ती अशी किती दिस काडल? माजा आयकत नाय ती. तुमचा आयकल. तुमी तिला सांगा, बसून जेव म्हनून."

हे मी कुठे लिहिलं नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं. मी बोलत होते आणि पहिल्यांदाच ऐकत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला हात उचलावा असंही वाटत नव्हतं.

तुषार गडबडला नाही. "सांगतो," म्हणाला. उठला, दार उघडलं आणि बाहेर बाकावरच्या ग्रेसीला विचारलं, "ताई, जेवलात का?"

ग्रेसीच्या कागदावर हा प्रश्न नव्हता. "मी? नाही अजून," ती खरं तेच बोलून गेली.

"आजी म्हणतायत, तुम्ही उभ्याने जेवता. आज बसून जेवा. मग त्यांच्या तपासण्यांचं बोलू, त्या आजच करायच्यात."

घंटी वाजली. मी पदर काढला, चष्मा लावला आणि कशीबशी हिरव्या खुर्चीपर्यंत गेले. तिथे बसून मी आधी त्याची माफी मागितली. म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला नाही, स्वतःलाच बोलले होते. मग त्याला आणि मॅडमना सगळं सांगितलं, आयेचं, दंड धरल्याचं, "मी सांगते ना"चं. दारात उभी राहून ग्रेसीही ऐकत होती. तिने पर्समधून रुमाल काढून दिला.

"म्हणजे तुमच्या आईंना हे उभ्याने जेवण्याचं सांगायचं होतं?" तुषारने विचारलं.

ते मला आजही माहीत नाही. कदाचित काळ्या शीचंच सांगायचं असेल आणि मग माझा दोष आहे तिथेच आहे. तो मी कुणाला देऊन टाकू शकत नाही. पण आये मला ठाऊक होती. पाच मिनिटं डॉक्टर एकटा मिळाला असता, तर आधी स्वतःचं सांगून झाल्यावर तिने माझंच काढलं असतं, यात मला शंका नाही. "बस गो जराशी" हे ती गप्पांसाठी म्हणत नव्हती, हे कळायला मला इतकी वर्षं आणि एक परका मुलगा लागला.

तुषार आता इथेच वसईत एका दवाखान्यात बसतो. त्याच्या बाहेरची रांग हळू सरकते म्हणून लोक कुरकुर करतात आणि तरी त्याच्याकडेच जातात. मला ती खोली आठवते, चादरींचा वास आठवतो. गुडघे बरे असते तर उद्या पुन्हा जाऊन बसले असते, दुखणं कुठलंही द्या म्हटलं असतं.

ती केस संपवून त्या दिवशी घरी आले तेव्हा दुपार टळून गेली होती. भात गरम केला, वरण घेतलं, कोलंबीचं लोणचं घेतलं आणि सवयीने ओट्याशी उभी राहून पहिला घास उचलला. मग तो ताटात परत ठेवला. टेबलावर महिन्याची वर्तमानपत्रं आणि इस्त्रीचे कपडे पडले होते, ते बाजूला सारले, खुर्ची ओढली.

"बसले गो आये," मी मोठ्याने म्हटलं, आणि सावकाश जेवले.